गिरणीत खातं कोणतं होतं, ते आधी कागदावर उतरवा

गोव्यातल्या पेडणे, डिचोली, सत्तरी आणि हद्दीपलीकडच्या दोडामार्ग-सावंतवाडीतल्या कितीतरी घरांत मुंबईच्या गिरणीतून परत आलेलं एखादं म्हातारं माणूस अजून आहे. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकेक करून बसत गेल्या आणि माणसं गावाकडे वळली. त्या वेळी पंचविशीत असलेला बदली कामगार आता सत्तरीला टेकला आहे. घाटी चढताना त्याला दम लागतो, कोरडा खोकला जात नाही, आणि फायलीतल्या कागदांवर शेरे असतात ते ‘जुना टीबी’, ‘दमा’, ‘बिडीमुळे’ असे. गिरणी म्हटली की डॉक्टरांनाही फक्त कापसाची धूळ आठवते. वाफेच्या पाइपांवर गुंडाळलेल्या तंतुमय खनिजाबद्दल, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून कामगारही सांगत नाही.

हे लिखाण त्या कामगारांसाठी आहे, आणि त्याहून जास्त त्यांना ओपीडीत घेऊन जाणाऱ्या मुला-सुनांसाठी.

कापड गिरणीत अ‍ॅस्बेस्टॉस आलं कुठून, हे आधी नीट समजून घेऊ. यंत्रं विजेवर आली तरी सायझिंगची, म्हणजे सुताला लावायची कांजी शिजवणं, सूत आणि कापड वाळवणं, ब्लीचिंग, डाइंग ही कामं वाफेवरच चालत. बॉयलर हाऊसमधून वाफेची मोठी लाइन निघायची आणि खात्याखात्यांत फाटे फुटायचे. उष्णता टिकावी म्हणून या लाइनवर लॅगिंग, म्हणजे जाड लेपाचं आवरण असायचं. त्या काळी सर्रास वापरात असलेल्या ‘८५ टक्के मॅग्नेशिया’ लॅगिंगमध्ये मॅग्नेशियाला धरून ठेवायला उरलेला भाग बहुतेक अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंचा असे. पोत्यातली पावडर घमेल्यात ओतायची, पाणी घालून हातानेच मळायची, गरम पाइपावर थरावर थर चढवायचे, वरून कापड गुंडाळून रंग मारायचा. मळलेला गोळा ओला असेपर्यंत त्यातून फारसं काही उडत नाही. तंतू उडतात ते पोतं रिकामं करताना, आणि त्याहून कितीतरी जास्त, गळती काढण्यासाठी तेच वाळलेलं लॅगिंग छिन्नी-हातोड्याने फोडताना. फोडलेले तुकडे खाली पडायचे, कुणीतरी ते कोरड्या झाडूने गोळा करायचं, आणि शेजारच्या मशीनवरचा माणूस काम थांबवत नसे.

दुसरी जागा म्हणजे जॉइंट. पाइपाच्या दोन फ्लँजमध्ये, म्हणजे टोकांच्या चपट्या कड्यांमध्ये, बसवायचं गॅस्केट दाबलेल्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या शीटमधून कापत. फिटर शीट फ्लँजवर ठेवायचा आणि बॉल-पीन हातोडीने कडेकडेने ठोकत गॅस्केटचा आकार काढायचा. हे काम तुलनेने बरं. खरं धोक्याचं काम जुनं गॅस्केट काढण्याचं. वर्षानुवर्षं तापून ते लोखंडाला चिकटलेलं असायचं, मग स्क्रेपरने आणि तारेच्या ब्रशने घासून, फुंकर मारून फ्लँज साफ करायची. तोंड फ्लँजपासून वीतभर अंतरावर. फिटरला विचाराल तर यात धूळ होती असं तो म्हणणारही नाही, कारण ती दिसत नसे. फुप्फुसात खोल जाणारे हे तंतू तीन मायक्रॉनपेक्षा बारीक असतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो.

बाकीच्या जागा पटकन सांगतो. बॉयलरच्या दाराला आणि मॅनहोलला अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी. व्हॉल्व्हच्या दांड्याभोवती ग्लँड पॅकिंग. काही सांच्यांच्या, म्हणजे यंत्रांच्या, आणि लिफ्टच्या ब्रेकचे लायनर, जे कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करायची सवय असे. आणि छपरावरचे सिमेंटचे पत्रे. पत्र्यात तंतू सिमेंटने बांधलेले असतात, म्हणून अखंड पत्र्याखाली काम केलेल्याचा धोका लॅगिंग फोडणाऱ्याच्या तुलनेत फारच कमी.

म्हणजे सगळ्याच गिरणी कामगारांना सारखी भीती नाही. बॉयलर हाऊसचे फायरमन, इंजिनिअरिंग खात्यातले फिटर आणि त्यांचे हेल्पर, लॅगिंगचं काम करणारे ठेकेदाराचे लोक यांना सर्वांत जास्त. त्यांच्या खालोखाल सायझिंग, ड्राइंग (वाळवण), डाइंगमधले लोक आणि तिथले झाडूवाले. ब्लोरूम, कार्डिंग आणि रिंग या कापूस पिंजण्या-कातण्याच्या खात्यांमध्ये आयुष्य काढलेल्याला मात्र बिसिनोसिसची, म्हणजे कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराची शक्यता जास्त. बदली कामगाराचं वेगळंच. त्याला रोज फाटकावर उभं राहून मिळेल त्या खात्यात जावं लागे, त्यामुळे त्याची नोंद एका खात्यात आणि काम चार खात्यांत असं झालेलं असतं.

बिसिनोसिस ओळखायची जुनी खूण सोमवार. सुट्टीनंतर कामावर गेलं की त्या दिवशी छाती आवळते आणि आठवडा पुढे सरकेल तशी सैल पडते. हा त्रास कामावर असतानाच सुरू होतो. अ‍ॅस्बेस्टॉसचं उलटं आहे. काम करताना काहीच जाणवत नाही. फुप्फुस कडक होत जाणारा अ‍ॅस्बेस्टॉसिस बहुधा दहा-वीस वर्षांनी किंवा त्याहून उशिरा दिसू लागतो, आणि काम सोडल्यावरही वाढत राहू शकतो. फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग, मेसोथेलिओमा, बहुतेकदा तीस-चाळीस वर्षांनी येतो. त्याचा बिडी-सिगरेटशी संबंध नाही आणि तो तुलनेने थोड्या संपर्कानेही होऊ शकतो. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका मात्र बिडी आणि अ‍ॅस्बेस्टॉस दोन्ही असलं की नुसत्या बेरजेपेक्षा बराच जास्त वाढतो. गिरणी सुटून चाळीस वर्षं झाली, आता काय व्हायचंय, असं म्हणणाऱ्यांना एवढंच सांगायचं की हा हिशेब नेमका आताच पुरा होतो आहे.

म्हणून पहिलं काम कागदाचं. ओपीडीत डॉक्टरकडे तुमच्यासाठी पाचेक मिनिटं असतात. तेवढ्यात म्हाताऱ्या माणसाकडून चाळीस वर्षांपूर्वीचं काम काढून घेणं होत नाही. घरी बसून एका पानावर कामाचा इतिहास लिहा. आयुष्यातल्या पहिल्या नोकरीपासून शेवटच्यापर्यंत, एका ओळीत एक काम: साल कोणतं ते कोणतं, गिरणीचं नाव, खातं, हातात नेमकं काय काम होतं. ‘मिल वर्कर’ एवढंच लिहू नका, त्या शब्दाने डॉक्टरला काहीच कळत नाही. ‘१९७१ ते १९८२, इंजिनिअरिंग खातं, वाफेच्या लाइनचे जॉइंट बदलणे, जुने लॅगिंग काढणे’ असं लिहिलंत तर तपासण्यांची दिशाच बदलते.

नुसतं ‘अ‍ॅस्बेस्टॉस होतं का?’ असं विचारलंत तर बहुतेक वेळा ‘नाही’ हेच उत्तर येईल, कारण तो शब्द त्यांनी छपराच्या पत्र्याशिवाय कुठे ऐकलेला नसतो. असं विचारा: ‘बाबा, वाफेच्या पाइपावर पांढरं प्लास्टर होतं ना, ते कोण फोडायचं? फोडताना तुम्ही किती लांब उभे असायचे? बॉयलर वर्षातून एकदा उघडायचे तेव्हा तुम्हाला आत पाठवायचे का? पांढरी जाड दोरी हाताळलीत का? कामाचे कपडे घरी आणायचे की तिथेच ठेवायचे?’ शेवटचा प्रश्न आईसाठी किंवा आजीसाठी आहे. ती मुंबईत बरोबर राहिलेली असेल आणि ते कपडे झटकून धूत असेल, तर तिचंही एक पान करा.

गोव्यात परतल्यावरचं काम त्याच पानावर यायला हवं. डिचोली-सत्तरीतले बरेच जण पुढे खाणीवर गेले, काही वास्कोकडे जहाजदुरुस्तीच्या कामावर. खाणीतल्या धुळीत सिलिका असू शकते, आणि त्या धुळीने होणाऱ्या सिलिकोसिसचे डाग वेगळ्या ठिकाणी दिसतात. जुन्या जहाजांच्या इंजिनरूममध्ये तर लॅगिंगचं अ‍ॅस्बेस्टॉस गिरणीइतकंच, कधीकधी जास्त. बिडी किती आणि किती वर्षं, तेही लिहा. लपवू नका. बिडी होती म्हणून अ‍ॅस्बेस्टॉस नव्हतं असं होत नाही, पण लपवलेली बिडी रिपोर्टात निघाली की बाकीच्या पानावरचाही विश्वास उडतो.

पुरावे कुठे मिळतील? म्हाडाच्या गिरणी कामगार घरांसाठी अर्ज केला असेल तर अर्धं काम झालेलं आहे. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर हजेरीपटावर असल्याचा पुरावा त्यासाठी लागतो, त्यामुळे तिकीट नंबर, ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची स्लिप, ग्रॅच्युइटीचं पत्र यांच्या प्रती त्या फायलीत असतात. तिची एक वाढीव प्रत काढून घ्या. मात्र त्या कागदांचं बळ एका ठिकाणी तोकडं पडतं: तुम्ही गिरणीत होता हे ते सांगतात, कुठल्या खात्यात होता हे बहुधा सांगत नाहीत. खात्याची नोंद पगाराच्या पावतीवर, हजेरी कार्डावर, बढती किंवा बदलीच्या पत्रावर सापडते. युनियनच्या जुन्या पावत्याही चाळून बघा. गिरणी राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेलेली असेल, तर माहिती अधिकारात दहा रुपयांचं शुल्क भरून सेवा-नोंद मागता येते. तिकीट नंबर, खातं आणि साल लिहून नेमकी मागणी करा. ‘माझी सर्व माहिती द्यावी’ असा अर्ज केला की उत्तरही तसंच गोलमोल येतं. काहीच सापडलं नाही तर त्याच खात्यात काम केलेल्या दोघा सहकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं करून ठेवा, आणि ती लवकर करा, कारण साक्ष देणारी माणसंही त्याच वयाची आहेत.

आता तपासण्या. सुरुवात छातीच्या साध्या एक्स-रेने होते आणि इथेच सर्वांत जास्त घोळ होतो. टीबीचे डाग बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात असतात, अ‍ॅस्बेस्टॉसिसचे बारीक जाळीदार डाग खालच्या भागात, दोन्ही बाजूंना. डॉक्टरने पाठीवर खाली स्टेथोस्कोप लावला की श्वास आत घेण्याच्या शेवटी वेल्क्रोची पट्टी उघडावी तसा आवाज येतो. दुसरी मोठी खूण म्हणजे प्लुरल प्लाक, फुप्फुसाच्या आवरणावर, विशेषतः छाती आणि पोट यांमधल्या पडद्याच्या घुमटावर साचलेले चुनखडीसारखे पट्टे. हे प्लाक दोन्ही बाजूंना असतील तर अ‍ॅस्बेस्टॉसच्या संपर्काचा त्याहून पक्का पुरावा एक्स-रेत क्वचितच मिळतो. प्लाक म्हणजे कर्करोग नव्हे आणि त्यांनी स्वतः फारसा त्रासही होत नाही. पण रिपोर्टात पुष्कळदा ‘जुन्या टीबीचं कॅल्सिफिकेशन’ असं लिहून विषय संपवलेला असतो. टीबीनंतरचं कॅल्सिफिकेशन बहुतेक वेळा एकाच बाजूला असतं. ‘दोन्ही बाजूंना आहे का?’ हा एक प्रश्न रेडिओलॉजिस्टला विचारायला लाजू नका.

साधा एक्स-रे स्वच्छ दिसला तरी सुरुवातीचा आजार निसटू शकतो. म्हणून एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसाचे बारीक काप दाखवणारा सीटी स्कॅन. त्यातही एक बारकावा आहे. पाठीवर झोपवून काढलेल्या चित्रात फुप्फुसाचा मागचा तळ स्वतःच्या वजनाने दबून पांढुरका दिसतो, आणि अ‍ॅस्बेस्टॉसिस सुरू होतो तो नेमका तिथेच. पोटावर झोपवून घेतलेल्या कापांत दाब असेल तर पांढरेपणा जातो, आजार असेल तर राहतो. तेव्हा चिठ्ठीवर ‘अ‍ॅस्बेस्टॉसचा संपर्क, पोटावर झोपवूनही काप घ्यावेत’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. चिठ्ठीवर फक्त ‘खोकला’ लिहिलेला असेल तर तंत्रज्ञ हे आपणहून करणार नाही, त्यात त्याची चूक नाही.

मग फुंकायची तपासणी, स्पायरोमेट्री. दम्यात आणि बिडीच्या आजारात हवा बाहेर पडायला अडथळा होतो. अ‍ॅस्बेस्टॉसिसमध्ये फुप्फुसात हवा मावतेच कमी. रिपोर्टात एफव्हीसी (एका दमात फुंकलेली एकूण हवा) कमी आणि एफईव्ही-१ शी (त्यातली पहिल्या सेकंदाची हवा) त्याचं गुणोत्तर ठीक, असं दिसेल. म्हातारी माणसं दोन-तीन सेकंदांत फुंकर सोडतात, त्यामुळे एफव्हीसी खोटाच कमी येतो. सहा सेकंद तरी फुंकत राहायला हवं, नीट जमलेले किमान तीन प्रयत्न हवेत आणि त्यातल्या सर्वांत चांगल्या दोहोंत दीडशे मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको. तंत्रज्ञाच्या सूचना समजत नसतील तर शेजारी उभं राहून आपल्या भाषेत सांगा: ‘अजून, अजून, सोडू नका.’ शक्य असेल तिथे डीएलसीओ करून घ्या, ऑक्सिजन रक्तात किती सहज जातो ते त्यात कळतं आणि अ‍ॅस्बेस्टॉसिसमध्ये तो आकडा लवकर घसरतो. त्या दिवसाचं हिमोग्लोबिन बरोबर न्या, कारण रक्त कमी असलं तरी आकडा घसरतो. बोटावरचा ऑक्सिमीटर बसलेल्या माणसाला ९६ दाखवेल, सहा मिनिटं चालवून पुन्हा लावा.

हे सगळं एका ठिकाणी व्हायचं तर गोमेकॉचा, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचा छातीविकार विभाग. आधी जवळच्या आरोग्य केंद्रातून रेफरल घ्या आणि कामाच्या इतिहासाचं पान सर्वांत वर ठेवा.

छातीत पाणी झालं तर जास्त सावध राहा. आपल्याकडे वयस्कर माणसाच्या छातीत पाणी दिसलं की टीबीचं औषध सुरू होतं, आणि टीबी इतका आहे की बहुतेकदा ते बरोबरही असतं. पण मेसोथेलिओमातलं पाणी प्रयोगशाळेत टीबीसारखं दिसू शकतं, आणि नुसत्या पाण्याच्या तपासणीत कर्करोगाच्या पेशी पुष्कळदा सापडतच नाहीत. पाणी काढल्यावर पुन्हा भरत असेल, छातीत एका जागी सतत दुखत असेल, वजन उतरत असेल, किंवा टीबीच्या औषधांचे दोन महिने होऊनही फरक नसेल, तर दुर्बिणीतून आवरणाचा तुकडा घेऊन बायोप्सी करायला सांगा. अ‍ॅस्बेस्टॉसचा इतिहास चिठ्ठीवर असेल तर पॅथॉलॉजिस्ट त्या तुकड्यावर मेसोथेलिओमासाठीच्या खास रंगचाचण्या लावतो.

अ‍ॅस्बेस्टॉसिस ठरला तर फुप्फुस पूर्ववत करणारं औषध नाही. स्टेरॉइडचा उपयोग होत नाही, उगाच साखर वाढते. बिडी पूर्ण बंद, फ्लूची लस दरवर्षी, न्युमोकॉकसची लस, श्वासाचे व्यायाम, आणि बसलेल्या अवस्थेत ऑक्सिजन ८८ किंवा त्याखाली राहत असेल तर घरी ऑक्सिजन. फुप्फुस कडक होणं झपाट्याने वाढत असेल तर निन्टेडॅनिबसारखं औषध द्यायचं का, हे छातीविकार तज्ज्ञ यकृताच्या तपासण्या बघून ठरवतात.

अशा माणसाच्या घरावर किंवा मांगरावर सिमेंटचे जुने पत्रे असतील तर पावसाळ्याआधी शेवाळ काढायला तारेचा ब्रश मारू नका, सोलर किंवा डिशसाठी ड्रिल लावू नका. बदलायचेच असतील तर पत्रा पाण्याने चिंब करून हुक-बोल्ट सोडवा आणि अख्खा पत्रा दोघांनी धरून खाली उतरवा, वरून फेकू नका. तुकडे जाड प्लॅस्टिकमध्ये बांधा. गोठ्याच्या जमिनीत भर म्हणून घालायची पद्धत आहे, ती धोक्याची आहे. म्हाताऱ्या माणसाला त्या दिवशी दुसऱ्या घरी पाठवा.

आता भरपाई. इथे आशा मोजूनमापून ठेवा, पण सोडू नका. कामगार भरपाईच्या १९२३ च्या कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत अ‍ॅस्बेस्टॉसिस, बिसिनोसिस आणि अ‍ॅस्बेस्टॉसने होणारा फुप्फुसाचा कर्करोग व मेसोथेलिओमा हे सगळे आहेत. अडचण अशी की काम सुटल्यानंतर दोन वर्षांत लक्षणं दिसली तर काय, एवढ्याचीच तरतूद त्यात आहे. ज्या आजाराला वीस-तीस वर्षं लागतात त्याच्यावर हा केवढा अन्याय आहे, हे कुणालाही दिसेल. हा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, तेव्हा अर्ज करण्यापूर्वी आजची कलमं वकिलाकडून वाचून घ्या. शिवाय ज्यांची ईएसआय कापली जायची, म्हणजे बहुतेक गिरणी कामगार, त्यांनी मालकाकडे नव्हे तर ईएसआय महामंडळाकडे मागणी करायची असते. तिथे वैद्यकीय मंडळ अपंगत्वाची टक्केवारी ठरवतं. जुना विमा क्रमांक जोडून अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी नकार मिळाला तर तो लेखी मागा, कारण कर्मचारी विमा न्यायालयात जायचं तर हातात कागद लागतो. ठेकेदाराकडचे लॅगिंगवाले ईएसआयमध्ये नसतील तर त्यांचा मार्ग वेगळा, त्यांनी थेट कामगार वकील गाठावा.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निकालात अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगातल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांतली जी मुदत उशिरा संपेल तिथपर्यंत ठेवायला सांगितलं. कापड गिरण्यांनी स्वतःला त्या उद्योगात कधी धरलं नाही. तरी आजाराचा हा दीर्घ काळ न्यायालयाने मान्य केलेला आहे, आणि उशिराच्या दाव्यात हे दाखवून देता येतं.

एक गोष्ट डॉक्टरांच्या हातात आहे आणि तिला पैसे लागत नाहीत. जुन्या कारखाने कायद्याच्या कलम ८९ प्रमाणे, कारखान्यात काम करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या माणसात यादीतला व्यावसायिक आजार आढळला तर डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकाला लेखी कळवायचं असे: रुग्णाचं नाव-पत्ता, आजार, कारखान्याचं नाव-पत्ता. त्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही हे कर्तव्य कायम आहे. गिरणी मुंबईत होती, म्हणून हे पत्र महाराष्ट्राच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जायला हवं. पणजीला पाठवलं तर ते तिथेच अडकतं. डॉक्टरांना हे माहीत नसेल तर मसुदा टाइप करून न्या, फक्त सही-शिक्का मागा, आणि एक प्रत आपल्या फायलीत लावा.

आणि रुग्ण दगावलाच तर मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात पहिल्या ओळीत ‘श्वसनक्रिया बंद’ एवढंच लिहून खालच्या ओळी कोऱ्या राहू देऊ नका. मूळ आजार लिहायची जागा त्याच भागात सर्वांत खाली असते, तिथे ‘अ‍ॅस्बेस्टॉसिस’ किंवा ‘मेसोथेलिओमा’ हा शब्द यायला हवा. हे डॉक्टरांशी आधीच, रुग्ण दाखल असतानाच बोलून ठेवा. नंतर दुरुस्ती करून घेणं फार कठीण जातं, आणि विधवेचा दावा त्याच ओळीवर उभा असतो.